चार टक्के

कापडातलं मला कळतं.
एकतीस वर्षं तपासनीस होते, गिरणी बंद पडेपर्यंत.
दोन बोटांत धरून सांगायचे
वीण कुठे सैल सुटलीय,
कुठे नुसत्या खळीने अंग धरलंय.

आज तेच भिंग घेऊन उभी आहे
वूच शहरात, बावुतीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात,
कुत्र्यांच्या खाण्याच्या फळ्यांसमोर.
कोटाच्या वरच्या दोन बटणांमधून
कुबेकचं नाक बाहेर.

कुबेक म्हणजे आमच्याकडे पेला.
आला तेव्हा चहाच्या पेल्यात बसला होता,
मागचे पाय तेवढे बाहेर.
वरच्या मजल्यावरचा गुस्ताव कामासाठी रॉटरडॅमला निघाला.
"फक्त रविवारपर्यंत, बोगुमिवाबाई," म्हणाला.
त्या रविवारला आता पाच आठवडे झाले.

पिशवीवर हसरा कुत्रा, हिरवंगार कुरण,
गाजराला अजून माती लागलेली.
मी पिशवी पालटते.
कापडाचं खरंखोटं उलट बाजूला असतं.
मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं:
मका. गहू. प्राणिजन्य उपपदार्थ,
म्हणजे काय ते विचारू नये असं काहीतरी.
आणि पार कडेला, अंग चोरून,
कोंबडी, चार टक्के.

चार!
शंभर धाग्यांत चार लोकरीचे
आणि वर मेंढीचं चित्र?
असा तागा माझ्या टेबलावरून
पुढे सरकला नसता.

डॉक्टर लिलियानाने, निळ्या नखांची पोर,
कुबेकच्या बरगड्या चाचपल्या, म्हणाली,
"हाडं भरायचं वय आहे.
यादीत पहिलं नाव मांसाचं असेल ते घ्या,
आणि पिल्लांचंच घ्या, मोठ्यांचं नको."
मी किंमत विचारली.
ती उगाच खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जमेल तसं."

मांस कार्डावर मिळायचं तेव्हा
रांग दिसली की आधी उभं राहायचं,
मग पुढच्याला विचारायचं, कशाची?
एकदा चार तासांनी हातात पडले
लहान मुलाचे बूट,
आमच्या सेवेरिनला दोन मापं मोठे.
घेतले. पुढे वर्तमानपत्र कोंबलं.
दोन वर्षं तो बातम्यांवरून चालला.

निवड माझ्याकडे उशिरा आली,
चष्म्यासारखी.
नाकावरून सारखी घसरते.

तिसऱ्या फळीवर बदक, बासष्ट टक्के.
तीन किलोला चौऱ्याण्णव झुवॉटी.
मनात हिशेब मांडला: औषधं, गॅस,
गुरुवारचा केक, लुदमिवाबरोबरचा.
केक गेला तरी चालेल.
लुदमिवाला सांगायचं, साखर वाढलीय.

मग सहज भिंग माझ्या टोपलीकडे वळलं.
माझं सॉसेज.
मांस एकोणचाळीस टक्के.
मी इतक्या मोठ्याने हसले
की गल्ल्यावरची मुलगी उठून उभी राहिली
आणि कोटातला कुबेक भुंकला,
आयुष्यात पहिल्यांदा, दुकानभर.

नवं एकदम द्यायचं नसतं, पोट बिघडतं.
जुन्यात थोडं थोडं मिसळायचं, आठवडाभर.
मी मिसळते, चमच्याने मोजून.
कुबेक बदक तेवढं वेचून खातो
आणि मक्याचे दाणे एकेक तोंडात धरून
माझ्या सपातेत नेऊन टाकतो.
नापास माल.
कोणाकडे शिकला, मी म्हणते,
आणि सपाता झटकते.

सॉसेज मी खाल्लं, टाकलं नाही.
मोहरी जरा जास्त घेतली.

रात्री गुस्तावचा फोन.
"येत्या रविवारी नक्की येतो."
कुबेक माझ्या पायावर झोपलेला,
पोट टम्म, ढोलकीसारखं.
मी म्हणाले, ये की.
घाई मात्र करू नकोस,
पिशवी तीन किलोची आहे.